मुद्दलाला हात न लावता

आषाढ लागला की आमच्या घरात दोन नेम एकदम सुरू होतात. ही चातुर्मासासाठी कांदा-लसूण सोडते आणि मी जेवताना हातातला मोबाइल सोडत नाही. पावसाळा हा डिव्हिडंडचा हंगाम. कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं, एप्रिल-मेमध्ये निकाल येतात, संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करतं, मग भागधारकांच्या वार्षिक सभेत तिला मंजुरी मिळते आणि त्यानंतर तीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. बहुतेक सभा सप्टेंबरअखेर उरकतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर बँकेचे एसएमएस येत राहतात आणि प्रत्येक एसएमएसला मी उभा राहतो. निम्मे वैयक्तिक कर्जाचं आमिष दाखवणारे असतात, पण म्हणून काय बसून वाचायचं?

"आला!" परवा मी आमटीचा भुरका अर्धवट सोडून ओरडलो.

"कोण?" हिने दाराकडे पाहिलं.

"डिव्हिडंड."

"किती?"

हा प्रश्न विचारायचा नसतो. 'आला' म्हटल्यावर समोरच्याने 'अरे वा' म्हणावं आणि विषय बदलावा. रक्कम विचारणं मला असभ्यपणाचं वाटतं.

"सतरा रुपये पन्नास पैसे."

"मग आजची कोथिंबीर तुमच्याकडून," असं म्हणून तिने आमटी वाढली.

निवृत्त झालो तेव्हा हातात एकरकमी पैसे आले आणि त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे नाना वर आले. नाना लाभांशावर जगतात असा सोसायटीत बोलबाला आहे. (त्यांना राज्य सरकारचं पूर्ण पेन्शन मिळतं, हा तपशील बोलण्याच्या ओघात गळतो.) नाना खुर्चीत टेकले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "एकच सांगतो. मुद्दलाला हात लावायचा नाही."

मला भरून आलं. हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. आमच्या घरात पोस्टातल्या पैशाला, आजीच्या पाटल्यांना आणि माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या डिनर सेटला आजवर कुणी हात लावलेला नाही. मुद्दल वापरण्यासाठी नसतंच. ते असतं, एवढंच त्याचं काम. माणसाने व्याजावर जगावं, व्याज पुरेनासं झालं तर गरजा कमी कराव्यात आणि अगदीच निभेना तर मुद्दल जागच्या जागी ठेवून आपण जावं.

"एफडीत काय आहे?" नाना पुढे म्हणाले. "महागाई वाढते, व्याज आहे तिथंच. शेअरचं तसं नाही. झाड लावायचं आणि दर वर्षी आंबे खायचे. झाड तोडायचं नाही."

"वर्षाला आंबे किती लागतात?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

नानांना अशा प्रश्नांची सवय नव्हती. ते गेल्यावर मी वही काढली. महिन्याला पन्नास हजार म्हणजे वर्षाला सहा लाख. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचं डिव्हिडंड यील्ड, म्हणजे शंभर रुपयांच्या शेअरमागे वर्षभरात मिळणारा लाभांश, गेली काही वर्षं सव्वा रुपयाच्या आसपास घोटाळतंय. सहा लाख भागिले सव्वा टक्का. उत्तर आलं चार कोटी ऐंशी लाख. पुन्हा भागाकार केला, कारण माझ्या हातून एखादं शून्य जास्तीचं पडतं कधी कधी. शून्यं बरोबर होती.

"चार कोटी ऐंशी लाख असते तर आपण पन्नास हजारांत आरामात राहिलो असतो," मी जाहीर केलं.

"तेवढे असते तर तुम्ही पंचवीस हजारांतच राहिला असतात," ही म्हणाली. "मुद्दल मोठं झालं की तुमचा हात आणखी आखडतो."

असो. चार कोटी ऐंशी लाख नसल्यामुळे मी आहे त्यात सुरुवात केली. ह्या कामी माझा मेहुणा मला रोज मदत करतो, न विचारता.

"भावोजी, हजार टक्के!" तो फोनवर किंचाळला. "हजार टक्के लाभांश जाहीर झालाय!"

बँक सीनियर सिटिझनला अर्धा टक्का जास्त देते तर केवढा बोर्ड लावते, आणि इथे हजार! मी चष्मा शोधू लागलो. पण लाभांशाची टक्केवारी लागते शेअरच्या दर्शनी किमतीवर. दर्शनी किंमत एक रुपया, त्याचे हजार टक्के म्हणजे दहा रुपये. आणि तो शेअर बाजारात तीन हजारांना. म्हणजे आज पैसे घालणाऱ्याला पडतो एक तृतीयांश टक्का. हजारावरून एक तृतीयांशावर मी चष्मा सापडायच्या आतच उतरलो. हल्ली बऱ्याच कंपन्या सरळ 'शेअरमागे इतके रुपये' असं सांगतात, पण मेहुण्याला रुपयांत बोलणं कमीपणाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात तो यील्ड शिकून आला.

"भावोजी, चौदा टक्के यील्ड! गेल्या वर्षी सातच होतं."

"म्हणजे लाभांश दुप्पट केला?"

"नाही, लाभांश तेवढाच आहे."

"मग?"

"शेअर अर्ध्यावर आलाय."

आणि हे सांगतानाही त्याच्या आवाजातला आनंद तसूभर कमी झाला नव्हता.

उलट टोकाला एमआरएफ. त्यांचा एक शेअर लाखाच्या वर गेला आणि अंतरिम लाभांश असतो शेअरमागे तीन रुपये. अंतिम लाभांश त्याच्या कितीतरी पट असतो, हे सांगायला हवं, पण त्यामुळे तीन रुपयांची मजा काही कमी होत नाही. लाखभर रुपये घालून तीन रुपयांचा एसएमएस मिळवणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे. तोही उभा राहूनच वाचत असणार.

लाभांशासाठी डोळे लावून बसायची ही खोड आजची नाही, हे वाचून मला फार धीर आला. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०२ साली लोकांकडून भांडवल गोळा केलं. वर्षांमागून वर्षं गेली, लाभांशाचा पत्ता नाही. भागधारक कुरकुरायला लागले. शेवटी १६१० मध्ये कंपनीने पहिला लाभांश दिला तो जायपत्रीत. दर्शनी भांडवलाच्या पंचाहत्तर टक्के किमतीची जायपत्री! रोकड नव्हती, माल होता. त्याच वर्षी पुढे मिरीही वाटली. पुष्कळ भागधारकांनी नाकं मुरडली, कारण एवढी जायपत्री एकदम ॲमस्टरडॅमच्या बाजारात उतरल्यावर तिला भाव कोण देणार?

"वेडेच होते," ही म्हणाली. "घेऊन ठेवायची. जायपत्रीचा भाव माहितीये का आज? तुमच्या कंपन्यांना विचारा मसाल्यात देतात का. सतरा रुपयांत दोन पाकळ्या तरी येतील."

नानांची मात्र स्वतःची अशी एक युक्ती होती आणि ती ते जिन्यात, आवाज खाली आणून सांगत. रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे लाभांश कुणाला हे ठरवणाऱ्या तारखेच्या, आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांशाला पात्र व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी विकून मोकळं व्हायचं. मुद्दल परत, लाभांश खिशात. २०२३ च्या जानेवारीपासून आपल्याकडे शेअरचे सौदे दुसऱ्या दिवशी पुरे होतात, त्यामुळे एक्स-डेट, म्हणजे शेअर लाभांशाविना विकला जाऊ लागतो तो दिवस, आणि रेकॉर्ड डेट आता बहुतेक एकाच दिवशी येतात. आदल्या दिवसापर्यंत घेतला तर लाभांश तुमचा. त्या दिवशी घेतला तर ज्याने विकला त्याचा. नानांनी दोनशे रुपयांचा एक शेअर हेरला. लाभांश दहा रुपये. भरपूर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना खालून हाक आली.

"अहो, हा एकशे नव्वदला उघडलाय!"

मी तोंड धुऊन खाली गेलो.

"दहा रुपये गेले कुठे?" नानांनी विचारलं.

"लाभांशात."

"आणि लाभांश कुठे आहे?"

"येईल की. तीस दिवसांत."

"आणि किंमत कधी पडली?"

"सव्वानऊला. बाजार उघडल्याबरोबर."

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती.

कंपनीच्या तिजोरीतून शेअरमागे दहा रुपये बाहेर जायचे ठरले की कंपनीची किंमत तेवढ्याने कमी होणार, आणि बाजार ही वजाबाकी त्याच सकाळी उरकतो. दर वेळी नेमके दहाच पडतात असं नाही, त्या दिवशीच्या इतर भानगडीही त्यात मिसळतात. पण नानांच्या झाडाची जात अशी की आंबा उतरवला की त्या आंब्याएवढं झाडच बुटकं होतं. कंपनी धंद्यात पैसे मिळवत असेल तर पुढच्या मोसमापर्यंत ते पुन्हा वाढतं. नसेल तर आपण आंबे म्हणून झाडच खात बसतो. वर त्या आंब्यावर कर. १ एप्रिल २०२० च्या आधी लाभांशावरचा कर कंपनी परस्पर भरत असे, आणि आपल्याला सगळं फुकट मिळाल्याचा भास होई. आता तो आपल्या उत्पन्नात धरतात. ज्याची पट्टी तीस टक्क्यांची, त्याच्या दहा रुपयांतले तीन रुपये बारा पैसे सेससकट सरकारजमा.

म्हणजे नानांनी स्वतःचेच दहा रुपये स्वतःला दिले आणि वर वर्गणीही भरली. त्यांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पण आले ना?"

ह्या 'आले ना'ला उत्तर नाही. म्युच्युअल फंडांच्या डिव्हिडंड पर्यायात लोकांना कधी कधी त्यांचंच भांडवल परत मिळतं आणि ते ती कमाई समजतात, हे सेबीला खटकत होतं. १ एप्रिल २०२१ पासून सेबीने पर्यायाचं नावच बदललं. ह्यात तुमचं भांडवलही काढलं जातंय, हे नावात स्पष्ट घालायला लावलं. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये ह्यावर गंभीर चर्चा झाली. "नाव फार लांबलंय," असं सर्वानुमते ठरलं. "बाकी पैसे वेळेवर येतात."

माझा एक पुतण्या पुण्यात आयटीत आहे. तो दिवाळीला आला तेव्हा त्याने हा सगळा हिशेब ऐकला आणि म्हणाला, "काका, सोपं आहे. कंपनी कधी देते त्याची वाट कशाला बघायची? पैसे लागतील तेव्हा थोडे शेअर विकायचे. वर्षभर ठेवलेले असले की नफ्यावर साडेबारा टक्केच कर, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला तोही नाही. हिशेब तोच, कर कमी."

"विकायचे?"

"थोडेसे."

"म्हणजे मुद्दलातले?"

"काका, लाभांशही तिथूनच येतो ना?"

मी काही बोललो नाही. त्याला करंजी दिली. रात्री त्याच्या वडिलांना फोन करून पोराचं सगळं ठीक चाललंय ना, एवढं विचारून घेतलं.

माझा स्वतःचा ओढा सरकारी कंपन्यांकडे. त्यांचा सगळ्यांत मोठा भागधारक केंद्र सरकार आहे, आणि त्यालाही माझ्यासारखीच महिनाअखेरीची चणचण असते. नोव्हेंबर २०२४ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा कंपनीने वर्षाला करोत्तर नफ्याचे ३० टक्के किंवा नक्त मत्तेचे ४ टक्के, ह्यांतलं जे जास्त असेल तेवढा तरी लाभांश द्यायचा असतो. तेव्हापासून राजकोषीय तुटीच्या बातम्या मी निराळ्या नजरेने वाचतो. दिल्लीत तूट वाढल्याचं कळलं की इथे ठाण्यात मला हुरूप येतो.

लाभांश येण्याआधी ईमेल येतं. माझ्याकडे एका कंपनीचे सात शेअर आहेत. ती शेअरमागे बारा रुपये देते, म्हणजे मला चौऱ्याऐंशी मिळतात. त्यासाठी ती मला पानंच्या पानं पत्र लिहिते. आपण निवासी आहात की अनिवासी? अनिवासी असल्यास आपल्या देशाशी भारताचा करार आहे का? आपली भारतात कायमस्वरूपी आस्थापना नाही असं लिहून द्याल का? मी कसं लिहून देणार? माझी कायमस्वरूपी आस्थापना नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि ती मला रोज दळण आणायला पाठवते.

खरं तर एका कंपनीकडून वर्षभरात दहा हजारांपर्यंत लाभांश असेल तर निवासी व्यक्तीचा टीडीएस कापतच नाहीत. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा पाच हजार होती. चौऱ्याऐंशी रुपयांना दोन्हीकडून धोका नाही. तरी एका वर्षी मी ज्येष्ठ नागरिकांचा पंधरा-एच फॉर्म एकूण एक कंपनीला भरून दिला. प्रत्येक कंपनीचा रजिस्ट्रार वेगळा, त्याची वेबसाइट वेगळी, ओटीपी वेगळा. एकाला पॅनची प्रत स्वसाक्षांकित हवी. दुसऱ्याला फाइल एक एमबीच्या आतली हवी. ही दारात येऊन उभी राहिली.

"कशासाठी चाललंय हे?"

"कर कापू नये म्हणून."

"कापणार होते?"

"नव्हते."

तिने जाताना खोलीतला दिवा घालवला. दिवसा वीज जाळायची नाही, हाही आमच्याकडचा एक नियम.

पण हे काहीच नाही. खरी कसोटी लागली ती जुन्या सर्टिफिकेटांनी. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांचे शेअर आपल्याकडे स्वस्तात मिळाले. किंमत ठरवायला तेव्हा दिल्लीत सरकारी अधिकारी बसलेला असे. मी कॉलेजात होतो. वडिलांनी माझ्या नावानेही एक अर्ज टाकला आणि चक्क शेअर लागले. त्या शेअरांच्या लाभांशाचं वॉरंट पोस्टाने येई. वडील ते पाकीट वाफेवर धरून उघडत, कारण पाकीट पुन्हा वापरता येतं. वॉरंट असे अकरा रुपये पंचवीस पैशांचं, आणि ते भरायला आम्ही दोघं बसने बँकेत जात असू. तिकीट खर्चात धरायचं नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

कागदी शेअर ठेवणाऱ्यांची केवायसी पुरी नसेल तर एप्रिल २०२४ पासून त्यांचा लाभांश अडकतो. माझा अडकला. आणि सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतलाच नाही तर तो लाभांश आणि त्यामागोमाग शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. म्हणजे शिक्षण माझं आणि संरक्षण माझ्या पैशांचं, माझ्यापासून. ते सोडवायला आयईपीएफ-५ नावाचा अर्ज आणि नुकसानभरपाईचं बंधपत्र लागतं. ती पाळी येण्याआधी मी धावपळ केली. रजिस्ट्रारकडून पत्र आलं: सही जुळत नाही.

आता अठराव्या वर्षी केलेली सही कुणाची जुळते? तेव्हा मी आडनावाखाली दोन वेलांट्या काढून शेवटी एक टिंब देत असे. त्यानंतर नोकरी लागली, मस्टर आलं, एका दिवसात पन्नास कागदांवर सह्या आल्या, आणि सही आखडत आखडत एका रेघेवर आली. मी जेवणाच्या टेबलावर रद्दी कागद घेऊन बसलो.

"काय करताय?" हिने विचारलं.

"सही गिरवतोय."

"कुणाची?"

"माझीच."

तिने कागद उचलून पाहिला. "ही खोटी वाटते," ती म्हणाली.

"खरी आहे. जमत नाहीये एवढंच."

मग कळलं की गिरवायची गरज नव्हती. आयएसआर-२ नावाचा फॉर्म असतो, त्यावर बँकेने आपली आजची सही प्रमाणित करून द्यायची. मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने बँकेतल्या नोंदीशी सही ताडून पाहिली आणि मान हलवली. चार दिवस सतत गिरवल्यामुळे माझ्या हाताला पुन्हा त्या दोन वेलांट्या लागल्या होत्या.

"काका, ही तुमची नाहीये," ती म्हणाली. टिंबसुद्धा आलं होतं.

त्याच कंपनीच्या सभेला वडील मला न्यायचे. मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात भागधारकांच्या सभा भरत. शेअर कसे पारखायचे हे मी तिथे शिकलो नाही, पण खाऊचं पाकीट कोणत्या दाराशी वाटतात हे वडील ताळेबंदाआधी हेरत. एक समोसा, वेफर्स, बर्फीचा तुकडा. कंपनीचं वर्ष कसं गेलं हे ते बर्फीच्या जाडीवरून सांगत, आणि पुष्कळदा बरोबर सांगत. भागधारक उठून माइक धरायचे. "चेअरमनसाहेब, आपल्या कुशल नेतृत्वाखाली..." अशी सुरुवात, मधे कारखाना बघायला बस सोडा ही विनंती, आणि शेवटी बोनसची मागणी. २०१५ पासून कंपनी सेक्रेटरींच्या नियमांनी सभेत भेटवस्तू वाटायला बंदी घातली. पुढे २०२० मध्ये कोविड आला, सभा संगणकावर गेल्या, आणि समोसाही गेला.

मी वक्ता भागधारक म्हणून ऑनलाइन नाव नोंदवलं. भाषण लिहून काढलं. ही चहाचा कप घेऊन पडद्यामागे उभी. माझं नाव पुकारलं. मी कुशल नेतृत्वापासून बोनसपर्यंत सगळं बोललो.

"सर, आपण म्यूटवर आहात," सूत्रसंचालिका म्हणाली.

मी पुन्हा सगळं बोललो.

"धन्यवाद सर. आपला कॅमेरा छताकडे आहे, पण आवाज आला."

म्हणजे एवढा वेळ अध्यक्ष महाराज आमच्या पंख्याकडे बघून मान डोलवत होते. बोनस मात्र मागितला. बोनस म्हणजे रोख रकमेऐवजी शेअरच द्यायचे. एकास एक दिला की शंभराचे दोनशे शेअर होतात आणि किंमत निम्मी होते. म्हणजे जे होतं ते तेवढंच राहतं. पण दोनशे हा आकडा शंभरापेक्षा मोठा दिसतो, ह्याचं काय करायचं?

ह्या मुद्द्यावर मी नेहमी अमळनेर काढतो. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. तिथे १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या लोकांनी शेअर घेतले आणि नुसते ठेवून दिले, त्यांच्या शेअरना बोनसवर बोनस लागत गेले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या श्रीमंत झाल्या. त्यांनी मुद्दलाला हात लावला नाही.

ऑक्टोबरात आमचा फ्रिज गेला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर बसलाय, ह्याच्यात पैसे घालू नका. लाभांशाचा हंगाम नुकताच उलटून गेला होता.

"त्या कॉलेजातल्या कंपनीचे थोडे विका," ही म्हणाली. "दोन फ्रिज येतील."

"अमळनेरच्या लोकांनी असे विकले असते तर?"

"त्यांच्या कंपनीतून तूप तरी निघत होतं. आपलं दूध नासलंय."

आम्ही दुकानात गेलो. हिने दोन दारांचा पसंत केला. सेल्समन चुणचुणीत होता. त्याने माझ्या हातात कॅल्क्युलेटर दिला.

"काका, फुल पेमेंट की ईएमआय?"

"ईएमआय," मी म्हणालो. "मुद्दल मोडायचं नाही."

"बारा महिने की अठरा?"

"महिन्यांचं काही नाही. पण हप्ता फक्त जुलै ते सप्टेंबर कापता येईल का?"

त्याने मॅनेजरला हाक मारली.